सेवकाची वाट (भाग ६) : जामखेडचे आरोळे दांपत्य

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले, तेव्हा वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची पदवी आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण त्यांच्या गाठीशी होते. कोणत्याही शहरात दोघांचा जम बसला असता. त्यांनी निवडला तो नगर जिल्ह्यातला दुष्काळी तालुका, आणि दवाखाना थाटला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत.

आधीची काही वर्षे त्यांनी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली होती. तिथे एक गोष्ट त्यांना छळू लागली. बरे होऊन घरी गेलेले मूल काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येई. घाण पाणी, अपुरे अन्न, न टोचलेल्या लसी. रोगाचे मूळ गावात होते आणि डॉक्टर बसले होते रुग्णालयात. जामखेड भागात काम सुरू झाले तेव्हा जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षभरही जगत नव्हती.

मग गावोगाव परिचारिका नेमून पाहिल्या. ते काही जमले नाही. बाहेरून आलेल्या, शिकलेल्या मुलीला गावात एकटीने राहणे अवघड आणि गावाला तिचे बोलणे परके. तेव्हा गावातल्याच बाईला का शिकवू नये, अशी सूचना पुढे आली. निवड गावाने करायची, शिकवायचे आरोळ्यांनी. ज्या बायका आल्या त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक जणी दलित होत्या, काहींना नवऱ्याने टाकले होते.

दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामी येत. पहिल्या खेपेला जातीची भिंत मधे आलीच. जेवायला एकत्र बसायचे कसे आणि शेजारी झोपायचे कसे? व्याख्यान देण्याऐवजी त्यांना सगळ्यांना पुरेल एवढे एकच मोठे पांघरूण देण्यात आले. वर्गात शिकायचे ते रोजच्या जगण्यातले: बाळंतपणात नाळ कापायचे पाते उकळून घ्यावे, हगवण लागलेल्या लेकराचे पाणी तोडू नये, उलट उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून त्याला घोटघोट पाजावे. पाणी तोडण्याची जुनी समजूत किती लेकरांच्या जिवावर उठत असे, हे खेड्यात वाढलेल्या वाचकांना सांगायला नको.

आरोळ्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी इथेच लागली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. हा प्रसंग आपल्या मंडळ्यांत दरवर्षी वाचला जातो, आणि वाचून झाला की पाळक, पंच, खजिनदार आपापल्या जागी परत जाऊन बसतात. डॉक्टरची जागा तर त्याच्या ज्ञानामुळे उंच असते. ते ज्ञान निरक्षर बाईच्या हवाली करायचे म्हणजे आपल्या मानाचा मोठा वाटा सोडून द्यायचा. आरोळ्यांनी तो सोडला, आणि माझ्या मते त्यांच्या नेतृत्वातली सर्वांत अवघड गोष्ट हीच होती. शस्त्रक्रिया त्यामानाने सोपी.

मानाची उतरंड मोडण्याची अशीच गोष्ट गावाच्या कूपनलिकांची. त्या दलित वस्तीत खोदल्या गेल्या, म्हणून पाणी हवे असणाऱ्या सवर्णांना त्या वस्तीत यावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या कामावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. त्यांच्या पश्चात काम बंद पडले नाही, कारण ते त्यांनी फक्त आपल्या दोघांच्या हातात कधी ठेवलेच नव्हते.

वाचकांपुढे या आठवड्यापुरती एकच विनंती. मंडळीचा हिशेब असो, रविवारच्या शाळेचा वर्ग असो की कचेरीतली एखादी फाइल, जे काम आपल्याशिवाय कोणालाच येत नाही असे एक काम निवडा आणि ते ज्याला कोणी विचारत नाही अशा माणसाला शिकवायला बसा.