दत्तकपत्र झालं, पासपोर्ट आला. मग व्हिसा का अडला?

समजा, बहीण शिकागोत आहे आणि भाऊ नागपुरात, धरमपेठेत. बहिणीला मूल नाही, भावाला तीन. घरात बोलणं होतं, सगळ्यांचं एकमत होतं. चांगला दिवस पाहून दत्तविधान होतं, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवलं जातं, काही आठवड्यांत धाकट्याचा पासपोर्टही हाती येतो. शाळेतून दाखला काढला जातो, तिकिटं ठरतात. आणि व्हिसाच्या टप्प्यावर कळतं, की हे दत्तक परदेशी जाण्यासाठी ग्राह्य नाही. मग सगळे म्हणतात, ‘ऐन वेळी अडवलं.’

खरं तर अडचण ऐन वेळची नसतेच. पहिला कागद करतानाच ती तयार झालेली असते. आंतरदेशीय दत्तकाबद्दलचे बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

पहिला आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे नोंदणीकृत दत्तकपत्र सगळीकडे चालतं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 नुसार झालेलं दत्तक भारतात पूर्णपणे वैध असतं. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र समोर आलं, की विरुद्ध पुरावा नसेपर्यंत न्यायालय ते दत्तक कायदेशीर मानूनच चालतं. पण मूल देशाबाहेर जाणार असेल तर दुसरा कायदा लागतो. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 56 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की आंतरदेशीय दत्तक फक्त या कायद्याच्या आणि त्याखालच्या नियमांच्या चौकटीतच होईल. नातेवाइकाचं मूल असलं तरी यातून सुटका नाही. कलम 60 त्यासाठीच आहे, आणि त्यात केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं, म्हणजे ‘कारा’चं, ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक आहे.

पासपोर्ट निघाला म्हणजे सरकारची संमती मिळाली, ही समजूतही याच जातीची. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने देशांतर्गत दत्तक मुलांसाठी पासपोर्टचे नियम सोपे केले. नोंदणीकृत दत्तकपत्राची सक्ती गेली, साध्या कागदावरचं निवेदन पुरेसं झालं. ही सवलत चांगलीच आहे. पण पासपोर्ट मुलाची ओळख आणि नागरिकत्व सांगतो. ते दत्तक हेग करारानुसार झालं आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आंतरदेशीय दत्तकाबद्दलचा हा हेग करार 29 मे 1993 चा. भारताने तो 2003 मध्ये मान्य केला, अमेरिकेत तो 1 एप्रिल 2008 पासून लागू झाला. या करारात कागदांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी परदेशातल्या अधिकृत दत्तक संस्थेने किंवा तिथल्या केंद्रीय प्राधिकरणाने पालकांचा गृह-अध्ययन अहवाल करायचा. मग काराच्या पोर्टलवर नोंदणी. नात्यातलं दत्तक असेल तर नागपूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाने जन्मदात्या कुटुंबाचा अहवाल द्यायचा. मूल पाच वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती घ्यायची. परदेशी सरकारने ‘या मुलाला आम्ही येऊ देऊ’ असं कळवायचं, काराने मंजुरी द्यायची आणि मगच दत्तक आदेश. आदेश आधी आणि परवानग्या मागून, असं झालं तर अमेरिकेसारखा देश ते दत्तक हेग प्रक्रियेत धरतच नाही.

नात्यातल्या दत्तकाबाबत अमेरिकी कायद्यात आणखी एक अट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. जन्मदाते आई-वडील दोघेही हयात असतील, तर ते मुलाचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं. धरमपेठेतल्या सुखवस्तू भावाला हे कसं दाखवता येणार? शिवाय अर्ज दाखल होताना मूल साधारणपणे सोळा वर्षांच्या आतलं असावं लागतं. या दोन प्रश्नांची उत्तरं दत्तविधानाच्या आधी मिळवली तर एका लहान मुलाची फरफट वाचते. त्याला ‘तू आता आत्याकडे जाणार’ असं सांगून झालेलं असतं, आणि मग सहा महिने कुणी काहीच बोलत नाही. मोठ्यांच्या घाईची सगळ्यांत मोठी किंमत तेच मूल मोजतं.

ज्यांचं हिंदू कायद्याखालचं दत्तक आधीच होऊन गेलं आहे, त्यांच्यासाठीही 2021 पासून वाट आहे. त्या वर्षी 17 सप्टेंबरला अधिसूचित झालेल्या दुरुस्तीनुसार अशी प्रकरणंही काराकडे नेता येतात. जिल्हाधिकारी पडताळणी करतात आणि मग काराकडून कागद मिळतो. त्याआधी अशा कुटुंबांना उच्च न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागत. मात्र मूल ज्या देशात जाणार त्याचे स्वतःचे नियम या वाटेने टळत नाहीत.

उलट दिशेनेही हाच गोंधळ होतो. महाराष्ट्रातल्या एका दांपत्याला नातेवाइकाचं, पण अमेरिकेत जन्मलेलं आणि अमेरिकी नागरिक असलेलं मूल दत्तक घ्यायचं होतं. मूल तान्हं असल्यापासून त्यांच्याकडेच वाढत होतं. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी नागरिक असलेलं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही, नात्यातलं असलं तरीही. आधी अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे दत्तक व्हावं, मग पुढची पावलं. मूल कुणाच्या कडेवर वाढतंय यापेक्षा त्याचं नागरिकत्व कुठलं, हे इथे निर्णायक ठरलं.

‘न्यायालयाने नाही म्हटलं म्हणजे संपलं’ हेही खरं नाही. विदर्भातल्या एका जिल्हा न्यायालयाने नात्यातल्या दत्तकाचा अर्ज फेटाळला होता. बाल न्याय कायदा फक्त निराधार किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी आहे, असं कारण दिलं होतं. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती मनीष पितळे यांनी हे चुकीचं ठरवलं. नात्यातलं दत्तकही याच कायद्यात येतं, असा त्यांचा निर्वाळा होता. एप्रिल 2023 मध्ये भुसावळच्या एका प्रकरणातही असंच घडलं. घटस्फोटित, नोकरी करणारी बाई मुलाकडे लक्ष देऊ शकणार नाही, म्हणून तिला बहिणीचं मूल नाकारलं होतं. तो आदेश उच्च न्यायालयाने रद्द केला. एकट्या स्त्रीला कायद्याने मुलगा किंवा मुलगी, कुणालाही दत्तक घेता येतं. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक घेता येत नाही.

आदेश कुणी द्यायचा, यावरूनही गेल्या काही वर्षांत पालकांची झोप उडाली. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तक आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. न्यायालयात शेवटच्या तारखेला पोचलेली प्रकरणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील, अशी भीती पसरली. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती शिवकुमार डिगे यांच्या खंडपीठाने प्रलंबित प्रकरणं न्यायालयातच चालू ठेवायला सांगितलं. जिल्हाधिकाऱ्यांनी नकार दिला तर विभागीय आयुक्तांकडे तीस दिवसांत अपील करता येतं. आपली फाइल नेमकी कोणापुढे आहे, हे संस्थेकडून लेखी घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

आणि आदेश हाती आला की दुसऱ्या दिवशी विमान? तसंही होत नाही. आदेशानंतर जन्मदाखला, काराचं हेग कराराच्या कलम 23 खालचं अनुरूपता प्रमाणपत्र, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा, एवढं बाकी असतं. दत्तक नियमावलीत या टप्प्यांना मुदती घालून दिल्या आहेत. आदेश पोर्टलवर आल्यापासून अनुरूपता प्रमाणपत्रासाठी तीन कामकाजाचे दिवस, अर्जापासून पासपोर्टसाठी दहा दिवस. कार्यालयाने मुदत ओलांडली तर नियमाचा उल्लेख करून लेखी विचारायला पालकांनी अजिबात संकोचू नये. संस्थेच्या पाळण्यात वाढणाऱ्या बाळासाठी एक महिना हा फार मोठा काळ असतो.

बहुतेक वेळा फाइल अडते ती क्षुल्लक वाटणाऱ्या चुकांवर. आदेशात नावाचं एक स्पेलिंग, जन्मदाखल्यात दुसरं. सापडलेल्या बाळाची अंदाजाने ठरवलेली जन्मतारीख बालकल्याण समितीच्या कागदावर वेगळी आणि आदेशात वेगळी. गृह-अध्ययन अहवाल तीन वर्षं चालतो, पण अमेरिकेची पालकांना दिलेली मंजुरी पंधरा महिन्यांचीच, आणि ती मधेच संपलेली. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली त्याच दिवशी प्रत्येक अक्षर पासपोर्ट-अर्जाशी ताडून पाहावं. चूक दिसली तर त्याच कार्यालयाकडून दुरुस्ती करून घ्यावी. पुढच्या टेबलावर ‘सांभाळून घेतील’ या आशेवर राहू नये.

पैसे दिले की काम लवकर होतं, हा समज तर धोकादायक आहे. परदेशी पालकांसाठी मुलाच्या संगोपनाचं शुल्क 5000 अमेरिकी डॉलर असं ठरलेलं आहे. मुलाची खरेदी-विक्री केल्यास कलम 81 खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि वैध आदेशाशिवाय मूल परदेशी नेणं हाही गुन्हा आहे. 2010 मध्ये पुण्यातल्या एका दत्तक संस्थेचा तपास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेला, तो परदेशी दत्तकातल्या पैशांच्या आरोपांमुळेच. त्याच्या कितीतरी आधी, 1982 मध्ये, वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांकडे लक्ष वेधलं होतं. न्यायमूर्ती भगवती यांनी 1984 मध्ये दिलेल्या निकालातून आजच्या अनेक अटी जन्मल्या. आज कटकट वाटणाऱ्या सह्यांमागे अशी खरी मुलं आहेत.

परदेशी लोक आपली मुलं घेऊन जातात, ही तक्रारही आकड्यांपुढे टिकत नाही. 2024-25 मध्ये देशात 4515 दत्तकं झाली, त्यातली 4155 देशातच. मूल दत्तकासाठी मोकळं ठरल्यावर आधी भारतीय आणि अनिवासी भारतीय कुटुंबांचा शोध घेतला जातो, मग इतरांचा.

नागपूरला हा विषय फार जवळचा आहे. नेदरलँड्समधल्या हीमस्टेड शहराचे महापौर फाल्गुन बिनेनडाइक यांचा जन्म 1985 च्या फेब्रुवारीतला, नागपूरचा. कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये सुरू केलेल्या मातृसेवा संघात ते तान्हे असताना होते, पुढे एका डच दांपत्याने त्यांना दत्तक घेतलं. आईच्या शोधात ते नागपुरात येऊन गेले आहेत, आणि त्या शोधात त्यांचा आधार जुन्या नोंदींचाच. ‘एकदा मूल गेलं की कागदांचं काम संपलं’ असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. नेदरलँड्सने जुन्या दत्तकांतले गैरप्रकार उघड झाल्यावर 2021 मध्ये परदेशी दत्तक थांबवलं होतं, आणि 2024 मध्ये नव्या प्रक्रिया बंद केल्या.

आजच्या नियमांनुसार मूल परदेशी गेल्यावरही दोन वर्षं त्याचे अहवाल येतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. अठरा पूर्ण झाल्यावर दत्तक व्यक्ती स्वतः आपल्या मुळांचा शोध मागू शकते, त्याआधी दत्तक पालकांसोबत. तिसऱ्या माणसाला ही माहिती दिली जात नाही. मूल स्वाधीन करणाऱ्या आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिच्या संमतीशिवाय ती उघड करता येत नाही.