फिजिक्सचं वेड असलेल्या मुलाला परदेशी शाळेत पाठवायचं? आधी एवढं विचारा

दहावीचा निकाल लागला की कामठीतल्या घराघरांत एकच विषय असतो, अकरावी कुठे? आता काही अम्मी-अब्बूंच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. पोराला, पोरीला फिजिक्सचं वेड आहे, परदेशातल्या शाळेत पाठवावं का?

आम्हाला वाटतं, देश कोणता हे नंतर बघा. तिथे शिकवतात काय आणि परतीची वाट खुली राहते का, हे आधी विचारा.

विषय. परदेशातल्या बऱ्याच शाळांत अकरावी-बारावीला आयबी डिप्लोमा असतो. त्यात सहा विषय, त्यातले सहसा तीन वरच्या पातळीचे. फिजिक्स आणि गणित दोन्ही वरच्या पातळीवर घेता येतात का, ते शाळेकडून लेखी घ्या. फिजिक्सचे 20 टक्के गुण मुलाने स्वतः आखलेल्या प्रयोगावर असतात. म्हणून प्रयोगशाळा मुलांना किती वेळ मिळते, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा.

परतीची वाट. आयआयटीच्या इंजिनिअरिंगसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित तिन्ही लागतात. आयबीत केमिस्ट्री सोडली, तर हे दार बंद होतं. परदेशी बोर्डाच्या बारावीसाठी भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्रही लागू शकतं. ते आधीच समजून घ्या.

पैसा. जमीन-दागिने विकण्याआधी शिष्यवृत्ती शोधा. युनायटेड वर्ल्ड कॉलेजची सुरुवात 1962 मध्ये वेल्समध्ये झाली. आज त्यांच्या 18 शाळा आहेत, त्यातली एक 1997 पासून आपल्याच पुणे जिल्ह्यात, मुळशीकडे आहे. भारतीय मुलांची निवड त्यांची इथली समिती करते आणि कुटुंबाची ऐपत पाहून मदत ठरते. अर्ज दहावीत असतानाच करावा लागतो. निकालानंतर धावपळ केली तर वर्ष जातं.

राहणं. सोळा वर्षांचं मूल घर सोडून जातंय. हलाल जेवण, जुम्याची नमाज, रमजानची सहरी यांची सोय काय? सुट्टीत हॉस्टेल बंद झालं तर ते राहणार कुठे? हे विचारायला लाजू नका.

आणि नाहीच जमलं, तर फिजिक्स थांबत नाही. फिजिक्स ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा भारतातच होते. पुढचे टप्पे मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतं आणि शेवटी पाच मुलं देशातर्फे जातात. जयंत नारळीकर बनारसमधून पदवी घेऊन मगच 1957 मध्ये केंब्रिजला गेले. उशिरा गेले म्हणून मागे पडले नाहीत.

एक शेवटचं. जायचंय कुणाला, मुलाला की आपल्या हौसेला? मुलाला जवळ बसवून विचारा. त्याचं ऐकून घ्या, मगच फॉर्म भरा.