भरतीचं मैदान आणि तिसरा रकाना

अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी घाम गाळतात. ही स्पर्धा मुळातच लिंगानुसार विभागलेली आहे: पुरुषांना १६०० मीटर धाव आणि ७.२६ किलोचा गोळा, स्त्रियांना ८०० मीटर आणि ४ किलोचा. अर्जातही दोनच रकाने होते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ४०,८९१ जणांची नोंद ‘इतर’ अशी झाली होती. त्यांनी धावायचं कुठे? डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय देण्यास आणि २८ फेब्रुवारी २०२३पर्यंत त्यांच्या शारीरिक चाचणीचे नियम करण्यास राज्य सरकारला सांगितलं.

‘मग मुलींवर अन्याय होणार नाही का?’ हा आक्षेप रास्त आहे. पुरुष म्हणून वयात आलेल्या शरीराला उंची, स्नायू यांचा फायदा मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय स्पष्ट निकषांचा आहे, दार बंद करण्याचा नाही. शिवाय आंतरलिंगी व्यक्तीचं वेगळेपण जन्मजात असतं. धावपटू द्युती चंदला २०१४मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या पातळीच्या नियमावरून राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळलं गेलं. २०१५मध्ये क्रीडा लवादाने पुरेशा पुराव्याअभावी तो नियमच स्थगित केला. संशय म्हणजे पुरावा नव्हे. नियम जरूर कडक असावेत, पण ते आधी लिहिलेले असावेत आणि मैदानावर कुणाच्या शरीराची चारचौघांत चर्चा होऊ नये. एवढी माणुसकी वऱ्हाडाच्या मातीला परकी नाही.