मैदानाच्या वाट्याचे फटके

गोल्फची ओळख : लेखांक ६

१५ जुलै २०१०. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ‘ओपन’ स्पर्धेचा पहिला दिवस. ७२ पारच्या या मैदानावर २१ वर्षांच्या रॉरी मॅकिलरॉयने ६३ फटक्यांत फेरी संपवली. दुसऱ्या दिवशी असा वारा सुटला की ग्रीनवर थांबलेले चेंडू आपोआप हलू लागले आणि तासाभराहून जास्त वेळ खेळ थांबवावा लागला. त्या दिवशी मॅकिलरॉयला त्याच मैदानावर ८० फटके लागले. पुढच्या दोन फेऱ्या त्याने ६९ आणि ६८ मध्ये खेळल्या आणि तो संयुक्त तिसरा आला. मधल्या एका दिवसापुरता त्याचा खेळ इतका बिघडला, असं म्हणता येणार नाही. त्या ८० मधल्या बऱ्याच फटक्यांचा हिशेब मैदानाच्या आणि हवेच्या नावावर मांडावा लागतो.

गेल्या आठवड्यात आपण पार आणि हँडिकॅप समजून घेतले. आज मैदानाच्या वाट्याचे हे फटके कुठून येतात ते पाहू.

मैदान अवघड आहे का, असं विचारलं की बहुतेकजण आधी लांबी सांगतात. लांबीला महत्त्व आहेच, पण तिच्यावरून सगळं कळत नाही. २०१३ची यूएस ओपन मेरियनच्या मैदानावर झाली. लांबी ७,००० यार्डांच्या आत, पण फेअरवे अरुंद आणि रफ दाट. जस्टिन रोझ चार फेऱ्यांत २८१ फटके खेळून जिंकला, म्हणजे विजेतासुद्धा पारच्या एक फटका वर होता. २०१७ची स्पर्धा एरिन हिल्सवर झाली. लांबी ७,७०० यार्डांहून जास्त, पण फेअरवे ऐसपैस आणि पावसाने ग्रीन मऊ झालेले. तिथे ब्रूक्स केप्का २७२ फटक्यांत जिंकला. लांब मैदानाने विजेत्याकडून नऊ फटके कमी घेतले.

फटके जातात ते चुकलेल्या चेंडूसाठी आखणीने काय मांडून ठेवलंय त्यावर. ओल्ड कोर्सचा सतरावा होल, प्रसिद्ध ‘रोड होल’, त्यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. पार चार. टीवरून चेंडू उजव्या बाजूच्या हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून मारायचा. जरा जास्त उजवीकडे गेला की हद्दीबाहेर. ग्रीन अरुंद आणि तिरपं. त्याच्या मागे रस्ता आणि दगडी भिंत, पुढे डावीकडे रोड बंकर. हा बंकर दिसायला लहान आहे. मात्र भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरती असल्याने जवळून जाणारा चेंडू वळून आत पडतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने बंकरची हद्द वाळूच्या कडेशी संपत नाही, उतार सुरू होतो तिथून ती धरावी लागते. १९७८च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा इथे दोन फटक्यांत ग्रीनवर पोचला होता. त्याचा पट उतारावरून घरंगळत थेट त्या बंकरमध्ये गेला. बाहेर यायला त्याला चार फटके लागले आणि होलवर एकूण नऊ.

वाऱ्याचा हिशेबही आखणीशी जोडलेला असतो. ओल्ड कोर्सचे होल साधारण एका दिशेने दूर जातात, टोकाला वळतात आणि शेजारूनच परत येतात. त्यामुळे जाताना वारा समोरून असला तर ओळीने कित्येक होल तो समोरूनच राहतो. म्युअरफिल्डला पहिले नऊ होल बाहेरच्या बाजूने एक फेरा घेतात आणि पुढचे नऊ आतून उलट्या दिशेने. तिथे वारा सारखी बाजू बदलतो आणि प्रत्येक टीवर अंदाज नव्याने बांधावा लागतो. २००२च्या ओपनमध्ये तिथल्या वादळी पावसात टायगर वूड्सला ८१ फटके लागले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ६५ची फेरी खेळली.

आता पायाखालची जमीन. समुद्रकाठच्या वाळूवर वसलेली ही स्कॉटिश मैदानं कोरड्या दिवसांत कडक असतात. चेंडू पडल्यावर लांब धावतो. आपल्याकडे मुंबई-पुण्यात पावसाळ्यात नेमकं उलटं होतं. चेंडू पडतो तिथेच बसतो, ओल्या गवतातून क्लब जड चालतो आणि नेहमीच्या आयर्नने गाठता येणारं ग्रीन दूर जातं. हेच ग्रीन ओलं असल्यामुळे लांबून आलेला उंच चेंडू मात्र छान धरून ठेवतं. म्हणजे दूर मारणाऱ्याला पावसाळी मैदान फार जाचत नाही आणि आखूड मारणाऱ्याला प्रत्येक होलवर एक फटका जास्त मोजावा लागू शकतो.

एकच मैदान दोघांना सारखं अवघड नसतं, ही बाब हँडिकॅपच्या पद्धतीत आकड्यांनी धरली आहे. कोर्स रेटिंग सांगतं, अव्वल हौशी खेळाडूला इथे साधारण किती फटके लागावेत. स्लोप रेटिंग सांगतं, त्याच्या तुलनेत बोगी गोल्फरला, म्हणजे साधारण २० हँडिकॅपच्या खेळाडूला, हे मैदान किती जास्त जड जाईल. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा. समजा तुमचा हँडिकॅप इंडेक्स २० आहे. स्लोप ११३ आणि कोर्स रेटिंग पारइतकंच असेल, तर त्या मैदानावर तुम्हाला २० फटके मिळतात. दुसरीकडे स्लोप १३० आहे आणि रेटिंग पारपेक्षा एकने जास्त. २० ला १३० ने गुणा, ११३ ने भागा, एक मिळवा : २४ फटके. दोन्हीकडे पार ७२ असेल, तर पहिल्या मैदानावरचे ९२ आणि दुसऱ्यावरचे ९६ एकाच तोलाचे.

शिवाय, त्या दिवशी पुरेशा खेळाडूंचे स्कोअर अपेक्षेपेक्षा फार वेगळे आले, तर हँडिकॅपच्या हिशेबात उणे एक ते अधिक तीन इतकी दुरुस्ती आपोआप होते. ही सोय २०२० मध्ये सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीने दिली आहे.

म्हणून कार्डावर नुसती बेरीज लिहून थांबू नका. कुठल्या टीवरून खेळलात, त्या टीचं रेटिंग आणि स्लोप, वारा कुठून होता, जमीन कोरडी होती की ओली, एवढं शेजारी नोंदवा. नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मागच्या टीवरून खेळण्याचा हट्ट सोडा. आपल्या पल्ल्याला साजेशी टी निवडली की खेळ शिकताही येतो आणि त्यातला आनंदही टिकतो. आणि वाऱ्यापावसात खेळलेल्या ९६ वरून आपला स्विंग मोडीत काढू नका. आधी त्यातले मैदानाचे फटके वजा करा, मग उरलेल्यांवर मेहनत घ्या.

पुढील आठवड्यात : ग्रीनचा उतार आणि गवताचा कल कसा वाचायचा?