खाते आपले, किल्ली परक्याची

दिवाळीत पेढीवर नव्या चोपडीचे पूजन होत असे, तेव्हा जुनी चोपडी रद्दीत जात नसे. ती कापडात बांधून माळ्यावर ठेवली जाई. तिच्यात केवळ आकडे नसत. कोणाकडे किती येणे राहिले, कोणत्या गावचा ग्राहक शब्दाला पक्का, कोणत्या आडत्याशी किती वर्षांचा व्यवहार, हे सारे त्या रोजमेळात आणि खतावणीत उतरलेले असे. चोपडी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न कोणाला सुचतही नसे. ती पेढीची, आणि किल्ली शेठजींच्या कनवटीला.

आज त्याच पेढीची बिले ई-मेलने जातात, ग्राहकांचे क्रमांक मोबाइलमध्ये राहतात, मालाची छायाचित्रे ‘गूगल फोटोज’मध्ये साठतात आणि दुकानाचा पत्ता ‘गूगल मॅप्स’वर शोधला जातो. चार पिढ्यांची चोपडी एका खात्यात आणि एका पासवर्डमध्ये मावली आहे. सोय मोठी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ही चोपडी आता कोणाच्या माळ्यावर आहे आणि तिची किल्ली कोणाच्या हाती आहे, याचा विचार व्यापारी कुटुंबांनी करण्याची वेळ आली आहे.

मोफत सेवेची मोहिनी

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन तरुणांनी १९९८ मध्ये अमेरिकेत गूगल कंपनी स्थापन केली. १ एप्रिल २००४ रोजी कंपनीने ‘जीमेल’ ही सेवा जाहीर केली, तेव्हा अनेकांना ती थट्टाच वाटली. त्या काळी इतर कंपन्या मोफत ई-मेलसाठी दोन ते चार एमबी इतकीच जागा देत. जीमेल एक जीबी, म्हणजे शेकडो पट जागा देऊ करीत होते. सुरुवातीची जवळजवळ तीन वर्षे ही सेवा निमंत्रणावाचून मिळत नसे, त्यामुळे तिचे आकर्षण अधिकच वाढले.

व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको की, बाजारात कोणतीही वस्तू खऱ्या अर्थाने फुकट नसते. जीमेलचे मोल जाहिरातींतून वसूल होत होते. पत्रांतील मजकूर यंत्राकरवी तपासून त्याला अनुरूप जाहिराती दाखविण्याची पद्धत कंपनीने २०१७ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. तोपर्यंत तेरा वर्षे लोटली होती आणि जगभरातील कोट्यवधी लोकांना या सेवेवाचून काम चालविणे अवघड झाले होते.

या सेवांनी सामान्य माणसाला खूप दिले, हेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय झाली आणि ज्या ज्येष्ठांची बोटे कळफलकावर कधी वळली नव्हती, त्यांनाही निरोप लिहिता येऊ लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘तेज’ हे ॲप दिल्लीत सुरू झाले; पुढील वर्षी त्याचे नाव ‘गूगल पे’ झाले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेलच्या सहकार्याने मोफत वाय-फाय सुरू झाले आणि २०१८ पर्यंत ही सोय देशातील चारशे स्थानकांवर पोहोचली. गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी आणि माल सोडविण्यासाठी आलेला व्यापारी, दोघांनाही तिचा लाभ झाला.

मात्र २०२० च्या प्रारंभी गूगलने स्थानकांवरील या योजनेतून अंग काढून घेण्याचे ठरविले. रेलटेलने सेवा स्वतःच्या बळावर पुढे चालविली, म्हणून प्रवाशांची गैरसोय टळली. देणाऱ्याचे धोरण बदलले की सेवेचे काय होते, याची ही एक सौम्य चुणूक होती.

एका रात्रीत उठलेली दुकाने

‘ऑर्कुट’चे नाव आज तिशी-चाळिशीत असलेल्यांना आठवत असेल. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले हे मित्रमंडळांचे व्यासपीठ भारतात आणि ब्राझीलमध्ये विलक्षण लोकप्रिय होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. वाचकांना निरनिराळ्या संकेतस्थळांवरील लेख एका जागी आणून देणारे ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी थांबले. छायाचित्रे सांभाळणारे ‘पिकासा’ २०१६ मध्ये गुंडाळले गेले. मोठ्या थाटात आलेले ‘गूगल प्लस’ सामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये संपले.

लहान व्यापाऱ्यांना अधिक जवळची घटना मार्च २०२४ मधील आहे. नकाशावर दुकानाची नोंद करणाऱ्यास गूगल एक साधे संकेतस्थळ विनामूल्य तयार करून देत असे. मार्चमध्ये ही संकेतस्थळे बंद करण्यात आली. पुढे काही आठवडे त्या पत्त्यावर येणाऱ्या ग्राहकाला दुकानाच्या नोंदीकडे वळविले जात होते. जूनमध्ये तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर आणि पिशव्यांवर छापून घेतला होता, त्यांची छपाई वाया गेली.

कंपनीने अशा वेळी सौजन्य दाखविल्याचीही उदाहरणे आहेत. ‘स्टेडिया’ ही खेळांची सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली, तेव्हा गूगलच्या दुकानातून खरेदी केलेल्या उपकरणांचे आणि खेळांचे पैसे ग्राहकांना परत करण्यात आले. तेथे ग्राहकाने पैसे मोजलेले होते. जेथे काही मोजलेलेच नाही, तेथे परत मागावयाचे तरी काय?

छायाचित्रांची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘गूगल फोटोज’ २०१५ मध्ये आले, ते हव्या तितक्या छायाचित्रांसाठी मोफत जागेचे आश्वासन घेऊन. लग्नकार्ये, बारसी, तीर्थयात्रा, सारे काही तेथे साठत गेले. १ जून २०२१ पासून नव्या छायाचित्रांसाठी ही सवलत संपली. पत्रे, कागदपत्रे आणि छायाचित्रे मिळून १५ जीबी जागा विनामूल्य राहिली. त्यापुढे भाडे आले. यात कराराचा भंग नाही. पण वखार फुकट म्हणून सहा वर्षे माल भरत गेलेल्या माणसाला भाडे सुरू झाल्यावर माल हलविणे किती कठीण जाते, हे व्यापाऱ्याइतके कोणाला कळणार?

दाद मागण्यास खिडकी नाही

सेवा बंद होणे हे एक संकट. सेवा चालू असताना आपल्यापुरते दार बंद होणे हे दुसरे. सॅन फ्रान्सिस्कोतील एका पित्याची हकिकत ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने प्रसिद्ध केली. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याच्या लहानग्या मुलाला सूज आली. महामारीचा काळ होता. डॉक्टर दुरूनच तपासणार होते आणि त्यासाठी छायाचित्र पाठविणे आवश्यक होते. पित्याच्या मोबाइलमधून ते छायाचित्र आपोआप गूगलच्या साठ्यात गेले. बालकांचे शोषण रोखण्यासाठी नेमलेल्या यंत्रणेने ते आक्षेपार्ह ठरविले आणि त्याचे खाते बंद झाले. अनेक वर्षांची पत्रे, संपर्क, मुलाच्या जन्मापासूनची छायाचित्रे आणि त्याच कंपनीकडून घेतलेला दूरध्वनी क्रमांक, सारे एकदमच गेले. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा घडलेला नाही असा निर्वाळा दिला. तरीही कंपनीने खाते परत दिले नाही.

बालकांच्या रक्षणाचा हेतू निर्विवाद चांगला आहे. प्रश्न आहे तो दाद मागण्याच्या वाटेचा. बँकेने खाते गोठविले तर खातेदार शाखेत जातो, व्यवस्थापकाला भेटतो, लेखी अर्ज देऊन पोच घेतो आणि समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातो. तेथेही विलंब होतो, मनस्ताप होतो. परंतु समोर माणूस असतो आणि त्याच्या वर कोणीतरी असते. मोफत ई-मेलच्या खात्याला शाखा नाही. अर्ज यंत्राकडे जातो आणि उत्तरही बहुधा यंत्राच्याच भाषेत येते.

याच ठिकाणी एक फरक ध्यानात घ्यावा. ‘गूगल पे’सारख्या ॲपमधून यूपीआयने दिलेले-घेतलेले पैसे त्या कंपनीजवळ राहत नाहीत, ते थेट बँकेच्या खात्यातून बँकेच्या खात्यात जातात. ॲप बंद पडले तरी बँकेतील शिल्लक सुरक्षित राहते आणि दुसऱ्या ॲपने व्यवहार करता येतो. पैशाभोवती कायद्याची अशी तटबंदी आहे. पत्रव्यवहार आणि छायाचित्रे यांच्याभोवती ती अद्याप इतकी भक्कम नाही.

दुसरी प्रत कामी आली

१४ डिसेंबर २०२० रोजी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास भारतातील लाखो लोकांचे जीमेल, यूट्यूब आणि इतर सेवा एकाएकी थांबल्या. वापरकर्त्यांची ओळख पटविणाऱ्या यंत्रणेला नेमून दिलेली साठवणूक अपुरी पडल्याने जगभर सुमारे पाऊण तास हा प्रकार चालला. पाऊण तासात फारसे बिघडले नाही, पण एकाच खुंटीला किती गोष्टी टांगल्या आहेत, हे त्या दिवशी प्रत्येकाला दिसले.

मे २०२४ मधील ऑस्ट्रेलियातील घटना अधिक गंभीर होती. ‘युनिसुपर’ हा तेथील मोठा निवृत्तिवेतन निधी. सभासद सहा लाखांहून अधिक. त्याची संगणकीय व्यवस्था गूगल क्लाउडवर होती. मांडणीतील एका चुकीमुळे निधीचे संपूर्ण खातेच काढून टाकले गेले. दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रती एकाच खात्याखाली असल्याने त्याही गेल्या. सुमारे आठवडाभर सभासदांना आपली शिल्लक पाहता येईना. निधीने एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती, ती या वेळी कामी आली. सभासदांच्या पुंजीला धक्का लागला नाही आणि गूगल क्लाउडच्या प्रमुखांनी निधीच्या प्रमुखांसह संयुक्त निवेदन काढून ही चूक मान्य केली. पैसे मोजणाऱ्या मोठ्या ग्राहकावर असा प्रसंग येतो, तर विनामूल्य खात्यावर विसंबलेल्या पेढीने अधिकच सावध असावयास हवे.

मालकामागे काय?

सर्वांत नाजूक प्रश्न घरातील कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर उभा राहतो. बँकेच्या ठेवीला वारसाची नोंद असते. ई-मेलच्या खात्याला ती असावी, हे फारच थोड्यांच्या ध्यानी येते. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेलेला असतो, पडताळणीचा क्रमांक ज्या मोबाइलवर यावयाचा, त्याचे सिमकार्ड काही महिन्यांनी बंद होते आणि पुरवठादारांचा पत्रव्यवहार, येण्याचे तपशील, कौटुंबिक छायाचित्रे कुलपाआड राहतात. त्यातच दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून त्याची अंमलबजावणी करण्याचे ठरविले.

यावर उपाय कंपनीनेच ठेवलेला आहे. खात्याच्या मांडणीत ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय २०१३ पासून उपलब्ध आहे. खाते किती महिने निष्क्रिय राहिल्यावर कोणाला कळवावयाचे आणि कोणती सामग्री कोणाच्या हाती द्यावयाची, हे त्यात लिहून ठेवता येते. दहा व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही मृत्यू वा असमर्थता आल्यास आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीचे नामनिर्देशन करण्याची तरतूद आहे.

पेढीसाठी चार नियम

पहिला नियम मालकीचा. अनेक दुकानांत ई-मेलचे खाते पुतण्याने, नोकराने किंवा हिशेबनिसाच्या मदतनिसाने उघडून दिलेले असते आणि पडताळणीचा मोबाइल क्रमांकही त्याचाच असतो. तो माणूस कितीही सज्जन असो, पेढीची किल्ली पेढीकडेच असावी. नकाशावरील दुकानाच्या नोंदीलाही घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचे नाव मालक म्हणून जोडता येते, ते जोडावे.

दुसरा नियम प्रतीचा. ‘गूगल टेकआउट’ या सोयीने आपली सर्व पत्रे, संपर्क आणि छायाचित्रे एकत्र उतरवून घेता येतात. तिमाहीला एकदा ती उतरवावी आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. येण्या-देण्याच्या यादीची कागदावरील प्रत तिजोरीत असावी. खात्याचे आठ अंकी आपत्कालीन संकेतांक छापून घेता येतात, तेही त्याच तिजोरीत ठेवावेत.

तिसरा नियम विभागणीचा. घर आणि पेढी यांची खाती वेगळी असावीत, म्हणजे एकावरचे संकट दुसऱ्यावर येणार नाही. शक्य असल्यास पेढीच्या नावाचा स्वतंत्र संकेतस्थळ-पत्ता विकत घ्यावा आणि ई-मेल त्या नावावर चालवावा. उद्या सेवा देणारी कंपनी बदलली, तरी पिशवीवर छापलेला पत्ता बदलावा लागत नाही.

चौथा नियम तक्रारीचा. खाते अडकल्यास हताश न होता कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार नोंदवावी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार चोवीस तासांत पोच देणे आणि ठरवून दिलेल्या मुदतीत निर्णय देणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. निर्णय न पटल्यास तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारने २०२३ मध्ये नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. ही वाट अनेकांना माहीत नसते, म्हणून ती वापरलीही जात नाही.

यांपैकी कोणत्याही कामाला खर्च फारसा नाही. अर्ध्या दिवसाची सवड पुरते. त्यासाठी मुहूर्तही आपल्या घरी ठरलेलाच आहे. येत्या दिवाळीत चोपडीपूजनाला घरातील सारे एकत्र बसतील, तेव्हा तरुणांनी वडिलधाऱ्यांच्या मोबाइलमधील वारसाची नोंद पूर्ण करून द्यावी, वर्षभराची प्रत उतरवून घ्यावी आणि ती हार्ड डिस्क जुन्या चोपड्यांच्या शेजारी माळ्यावर ठेवावी.