‘झिक्ले’ : एका शब्दाची जन्मकथा

चित्रप्रदर्शनात एखाद्या चौकटीखाली ‘झिक्ले प्रिंट’ अशी चिठ्ठी दिसते. शब्द फ्रेंच आणि किंमतही भारी! साहजिकच ही पॅरिसची एखादी जुनी कला असावी, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हा शब्द १९९१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात जन्मला.

प्रसिद्ध गायक ग्रॅहम नॅश यांना छायाचित्रणाचाही नाद. आपली छायाचित्रे मोठ्या आकारात, उत्तम कागदावर छापता यावीत म्हणून त्यांनी ‘आयरिस ३०४७’ हे यंत्र घेतले. किंमत १ लाख २६ हजार डॉलर! खरे तर हे यंत्र छापखान्यांसाठी होते. पुस्तक-मासिके छापण्यापूर्वी रंगीत प्रूफ काढून पाहणे, एवढेच त्याचे काम. फिरत्या रुळावर कागद गुंडाळायचा आणि बारीक नळ्यांतून त्यावर शाईचे तुषार उडवायचे, अशी त्याची रीत. नॅश आणि त्यांचे सहकारी मॅक होलबर्ट यांनी जाड चित्रकागद बसावा म्हणून त्यात फेरफार केले आणि १९९१ मध्ये ‘नॅश एडिशन्स’ हा छापखाना सुरू केला.

छपाई सुंदर होती, अडचण नावाची होती. ‘इंकजेट’ वा ‘कॉम्प्युटर’ म्हटले की कलादालने नाक मुरडत. तेव्हा तिथले मुद्रणकार जॅक डुगान यांनी फ्रेंच शब्दकोश चाळला. शाई फवारणाऱ्या तोटीला ‘झिक्लर’, फवारण्याला ‘झिक्ले’. त्यावरून त्यांनी नाव घेतले ‘झिक्ले’, म्हणजे फवारलेले. फ्रेंच बोलीत त्याला एक असभ्य अर्थही आहे, म्हणून फ्रेंच मंडळी हा शब्द ऐकून गालात हसतात!

नाव रुजले, पण सुरुवातीच्या शाईचे रंग प्रकाशात लवकर विटत. पुढे २०००च्या सुमारास रंगद्रव्याचे बारीक कण असलेल्या, टिकाऊ पिगमेंट शाया आल्या. नॅश यांचे ते यंत्र २००५ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेले.

आज मात्र कोणत्याही इंकजेट छपाईला ‘झिक्ले’ म्हणता येते. त्यासाठी कसलेही बंधन नाही. म्हणून दिवाणखान्यासाठी असे चित्र घेताना नावावर न भाळता चार गोष्टी विचाराव्यात. शाई पिगमेंटची आहे का? कागद आम्लविरहित, सुती आहे का? एकूण प्रती किती? आणि प्रतीवर चित्रकाराची सही आहे का? विक्रेत्याकडून ही उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत आणि चित्र थेट उन्हात टांगू नये.