बागुलबुवा कोण शिकवतो?

मूल जन्मतः कशाला घाबरते आणि कशाची भीती नंतर शिकते, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी केलेला प्रयोग १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘अल्बर्ट’ नावाने ओळखले जाणारे अकरा महिन्यांचे बाळ पांढऱ्या उंदराला अजिबात घाबरत नव्हते. ते उंदराला हात लावू लागले, की त्याच्या मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारून दणका केला जाई. असे सात वेळा झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडू लागले. पुढे ते ससा, कुत्रा आणि फरच्या कोटालाही घाबरू लागले. ही भीती घालवण्याआधीच त्याला रुग्णालयातून नेण्यात आले.

एकाच बाळावर केलेल्या प्रयोगावरून सर्व मुलांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. तो पडताळायचा तर पुन्हा करून पाहायला हवा. पण मुद्दाम बाळाला घाबरवण्याची परवानगी आज कोणतीही नैतिकता समिती देणार नाही. मग अभ्यास पुढे कसा जाणार?

त्यासाठी वाट बदलावी लागली. ब्रिटनमध्ये अँडी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना क्वोल, क्वोका अशा ऑस्ट्रेलियातील अनोळखी प्राण्यांची माहिती सांगितली. ज्या प्राण्याबद्दल वाईट ऐकले, तो ज्या पेटीत आहे असे सांगितले होते, तिच्यात हात घालायला मुले कचरली. दणका नाही, रडारड नाही. तरी मोठ्यांच्या शब्दांतून भीती कशी रुजते ते दिसले.

दुसरी वाट प्रश्नावलीची. थॉमस ओलेंडिक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन आणि नायजेरियातील मुलांच्या भीतींची तुलना केली. पहिल्या तीन देशांत मुलींनी मुलग्यांपेक्षा जास्त भीती नोंदवली. नायजेरियात तसा फरक आढळला नाही. म्हणजे एका देशातील निष्कर्ष जगभर लागू करता येत नाही. अशा तुलनेत प्रश्नांचे भाषांतर जपून करावे लागते, कारण ‘भीती’, ‘लाज’ आणि ‘धाक’ यांच्या सीमा प्रत्येक भाषेत वेगळ्या असतात.

मुलाचा होकारही महत्त्वाचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच सात वर्षांवरील मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते.

शिकलेली भीती घालवताही येते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडता खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. ‘जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल’ म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे: मूल कुत्र्याला, काळोखाला किंवा इंजेक्शनला घाबरत असेल, तर त्याला हसू नये, ओढूनही नेऊ नये. त्याच्या कलाने, एकेक पाऊल पुढे जावे. भीतीमुळे झोप, जेवण किंवा शाळा बिघडत असेल, तर मात्र डॉक्टरांना भेटावे.